हलक्या आवाजाचं गाणं

पहाटे काटोलात आवाज फार नसतात. स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा. एसटी स्टँडवर नागपूरच्या गाडीचं इंजिन. संत्र्याचा हंगाम असला तर कॅरेट चढवणाऱ्यांची हाळी. या आवाजांच्या मधल्या मोकळ्या जागेत कधी कधी एखाद्या घरातून गाणं ऐकू येतं. रेडिओवरचं नव्हे, कुणीतरी स्वतःशी म्हटलेलं. पाणी तापेपर्यंत, सडा टाकता टाकता, वेणी घालता घालता.

आमच्या पलीकडच्या गल्लीत एक मुलगी असं गाते. कॉलेजात जाणारी असावी. मी तिला पाहिलेलं नाही. सकाळच्या फेरीत त्या दारावरून जाताना पाय आपोआप हळू पडतात, पण मी थांबत नाही. बाहेर कुणी थांबलंय हे कळलं, तर आत गाणं थांबेल. तिला ते कुणाला ऐकवायचं नसतं. म्हणूनच तिचा आवाज इतका हलका असतो, आणि म्हणूनच तो ऐकावासा वाटतो.

असा आवाज जगाला ऐकू यायला फार उशीर लागला, हे माझ्या फार दिवस लक्षातच आलं नव्हतं. गाणं माणसाइतकंच जुनं. पण चारचौघांपुढं गायचं म्हणजे आवाज लांब पोचला पाहिजे. आपल्या संगीत नाटकांत नटाचं पद शेवटच्या बाकापर्यंत जावं लागे, तेही ध्वनिक्षेपक नसताना. देवळातलं कीर्तन, जत्रेतली लावणी, पहाटेचा वासुदेव, सगळ्यांना मोकळा, भरदार गळा लागे. ज्याचा आवाज लहान, त्यानं घरात गावं.

ध्वनिमुद्रण आलं तेव्हाही सुरुवातीला हेच चाललं. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, मोठा कर्णा होता. गायकानं त्या कर्ण्यात जोरानं गायचं. त्या जोरानं आतला पडदा थरथरायचा, सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. जेवढा दम, तेवढी रेघ. पुटपुटणाऱ्याची रेघ उमटतच नसे. 1925 च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला आणि हे बदललं. आता कुजबुजही उमटू लागली. एकट्या माणसाचं, आपल्याशीच चाललेलं गाणं तबकडीवर मावू लागलं.

मराठीत ही वाट ज्या सुरुवातीच्या गाण्यांनी रुळवली, त्यांतलं एक आमच्या विदर्भातून निघालं. बुलडाणा जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी मेहकर आहे. तिथं ना. घ. देशपांडे वकिली करत आणि कविता लिहीत. त्यांची ‘शीळ’ नावाची कविता त्यांच्या अगदी तरुण वयातली. जी. एन. जोशी नावाच्या एका तरुणानं तिला चाल लावली आणि 1932 च्या सुमारास ती एचएमव्हीच्या तबकडीवर गायली. कवी आणि गायक दोघंही 1909 सालचे, म्हणजे विशीत नुकतेच स्थिरावलेले. योगायोग असा की जोशीही वकिलीकडंच वळलेले. दोन तरुण वकिलांनी मिळून मराठीला रानातल्या शिळेचं गाणं दिलं.

त्या गाण्यात घडतं फार थोडं. रानात कुणीतरी शीळ घालतं. ती रानभर जाते आणि ऐकणारीच्या मनापर्यंत येते. नाटकातल्या पदामागं प्रसंग असतो, पात्र असतं, आधी आणि नंतरचे संवाद असतात. इथं यातलं काहीच नाही. फक्त एक मन आहे आणि त्याला लांबून ऐकू आलेला एक आवाज. मुलीच्या मनातली गोष्ट तरुण पुरुषाच्या गळ्यातून येते, तरी ऐकताना खटकत नाही, कारण तिथं सोंग नाही. पुढं याला भावगीत म्हणू लागले. गजानन वाटवे आले, घरोघरी ही गाणी गेली, आकाशवाणीनं ती सकाळच्या चहाबरोबर कानांवर घातली. आज ज्याला आपण पॉप म्हणतो, तरुणांनी तरुणांसाठी म्हटलेलं तीन मिनिटांचं गाणं, त्याची आपल्याकडची सुरुवात मला इथं दिसते. अभ्यासकांची मांडणी वेगळी असेल. मला ‘शीळ’ ऐकताना तसंच वाटतं.

तीन मिनिटं हेही तबकडीनंच ठरवलं होतं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ती तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजे. तेवढ्यात गाणं सुरू होऊन संपलं पाहिजे. आलाप फुलवायला सवड नाही, तान लांबवायला जागा नाही. आणि ती तबकडी कशाची असे? लाखेची. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर एक बारीक किडा राळ सोडतो, त्याची लाख होते. फाल्गुनात आमच्या भागात जो पळस पेटतो, त्याच्या जातीच्या झाडांवरची ती राळ. रानाचं गाणं रानातल्याच राळेवर कोरलं गेलं. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. मला मात्र त्याचा आनंद होतो.

‘शीळ’ याच नावाचा देशपांड्यांचा कवितासंग्रह 1954 साली निघाला. म्हणजे गाणं आधी आलं आणि पुस्तक वीस-बावीस वर्षांनी. तोवर किती जणांनी ती कविता कागदावर न पाहताच पाठ केली असेल. देशपांडे मेहकरातच राहिले. 1986 साली ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2000 साली, नव्वदी ओलांडून, ते गेले. नव्वद वर्षांच्या आयुष्यात पुष्कळ लिहिलं, पण लोकांच्या ओठांवर राहिली ती विशीतली ओळ. त्यांना याचं काय वाटत असेल, याचा विचार मी कधी कधी करतो. पिकल्या वयातल्या माणसाला भेटायला आलेला प्रत्येक जण त्याच्यातल्या विशीतल्या मुलाचीच चौकशी करत असेल, तर ते सुखाचं असतं की ओझ्याचं?

हा प्रश्न मेहकरपुरता नाही. तीस वर्षांनंतर पॅरिसमधल्या एका मुलीपुढंही तो आला.

फ्रान्स्वाझ आर्दी 1944 साली जन्मली. शाळेची शेवटची परीक्षा पास झाली म्हणून तिला गिटार मिळालं. घरात ती एकटी बसून त्यावर गाणी रचत असे. स्वभाव लाजाळू, आवाज लहान. अठराव्या वर्षी, 1962 मध्ये, तिचा पहिला अल्बम आला. त्यातली बहुतेक गाणी तिची स्वतःचीच, आणि त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. तरुण गायिकेनं वयानं मोठ्या पुरुषांनी लिहिलेलं गायचं, अशीच रीत होती. कंपनीला तिच्यापेक्षा दुसऱ्या कुणी लिहिलेलं एक गाणं जास्त आवडलं होतं. तेच चालेल असा त्यांचा होरा होता. पण चाललं ते तिचं. तिच्या वयाची मुलं-मुली जोडीजोडीनं रस्त्यानं चालली आहेत आणि ती एकटी चालते आहे, एवढंच त्या गाण्यात आहे.

28 ऑक्टोबर 1962 ला फ्रान्समध्ये सार्वमत होतं. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा की नाही, यावर देशानं मत दिलं होतं. संध्याकाळी सारा देश निकालासाठी टीव्हीपुढं बसला होता. आकडे येण्याच्या मधल्या रिकाम्या वेळात ही मुलगी पडद्यावर आली आणि आपलं गाणं म्हणून गेली. मोठ्या घडामोडीच्या फटीत एक हलका आवाज. दुसऱ्या दिवसापासून तो सगळीकडं होता.

मला फ्रेंच येत नाही. अर्थ वाचून मग मी ते गाणं ऐकलं. वाद्यं साधी आहेत, ठेका एकसारखा आहे. तिला स्वतःला ते ध्वनिमुद्रण पुढं आवडेनासं झालं. वादक चांगले नव्हते, असं ती स्पष्ट म्हणे. नंतर लंडनला जाऊन तिनं मनासारखं काम केलं. 1968 मध्ये, वयाची पंचविशीही झालेली नसताना, तिनं रंगमंचावर गाणं सोडलं. लोकांपुढं उभं राहणं तिला सोसत नव्हतं. ध्वनिमुद्रण मात्र तिनं सोडलं नाही, 2018 पर्यंत तिचे अल्बम येत राहिले. जून 2024 मध्ये ती गेली, तेव्हा जगभर पुन्हा तेच अठराव्या वर्षीचं गाणं वाजलं. ज्यातल्या उणिवा तिला टोचत होत्या, ते लोकांनी जिवापाड जपलं. पहिल्या गाण्याचं मोल ते गाणाऱ्याला कधीच नीट कळत नसावं. त्याला त्यात चुका दिसतात, ऐकणाऱ्याला त्यात तो स्वतः दिसतो.

पण तिच्याच काळात फ्रान्समध्ये दुसरीही एक मुलगी होती. तिची गोष्ट आठवली की मन थोडं थबकतं. फ्रान्स गाल. 1965 साली, सतरा वर्षांची असताना, तिनं युरोव्हिजन ही मोठी स्पर्धा जिंकली. गाणं सर्ज गेन्सबूर या नामांकित संगीतकाराचं. पुढच्याच वर्षी त्यानं तिला लॉलीपॉप चोखणाऱ्या लहान मुलीचं एक गाणं दिलं. त्या शब्दांत एक दुसरा, मोठ्या माणसांचा अर्थ दडवलेला होता. तिला तो ठाऊक नव्हता. तिनं ते निर्मळपणे गायलं, आणि तिला कळत नाही याचीच लोकांना गंमत वाटली. खरं कळलं तेव्हा ती मनातून दुखावली. पुढं ते गाणं तिनं आपलं मानलं नाही.

दोघी एकाच देशातल्या, एकाच काळातल्या, जवळजवळ एकाच वयाच्या. एकीनं आपलं एकटेपण आपल्या शब्दांत म्हटलं. दुसरीच्या अजाणतेपणाचा कुणी वापर करून घेतला. आवाज दोघींचेही कोवळेच होते. फरक होता तो त्यांच्याभोवतीच्या मोठ्या माणसांत.

आमच्या भागात संत्र्याची नवी बाग लावली, की तिसऱ्या-चौथ्या वर्षीच झाडाला फुलं येऊ लागतात. बघून जीव हरखतो. पण जाणता बागवान ती फुलं झाडावर ठेवत नाही, खुडून टाकतो. मोठ्या झाडांचं पाणी तोडून बहारासाठी त्यांना ताण देतात, तसा ताण तो पोर झाडाला देत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत खोड भरू देतो, फांद्या पसरू देतो. एका वयस्कर बागायतदारांना मी याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, “पहिला बहार झाडाचा झाडाले राहू द्या लागते जी. त्याच्यावर आपला हक नसते.” पोर झाडावर फळं धरली तर त्या वर्षी चार पैसे मिळतात, पण झाड कायमचं खुरटतं.

गाण्याच्या धंद्यात पहिला बहारच सगळ्यांना हवा असतो. कोवळेपणालाच तिथं भाव असतो. हे पूर्वीही होतं, आज जास्त आहे.

आपल्याकडं 2008-09 साली ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’नं मराठी घरं वेडी केली होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि नागपुरात जन्मलेली, पुण्यात वाढलेली आर्या आंबेकर. काटोलातही त्या संध्याकाळी रस्ते ओस पडायचे. ती मुलं सुरेल होती, मेहनती होती, आणि त्यांच्यामुळं जुनी नाट्यपदं आणि भावगीतं नव्या पिढीच्या कानांवर गेली. हे ऋण मोठं आहे. तरीही कोण बाहेर जाणार ते जाहीर होताना कॅमेरा एखाद्या लहानग्या चेहऱ्यावर थांबायचा, तेव्हा मला खाली बघावंसं वाटायचं. ती मुलं पुढं मोठी झाली, शिकली, आजही गातात, याचं मोठं समाधान आहे. त्यांच्यामागं आईवडील होते, गुरू होते, रियाज होता. ताण पडला तरी मुळं खोल होती.

आज प्रत्येक घरात कॅमेरा आहे. नात गुणगुणली की आजोबा फोन काढतात. त्यात प्रेमच असतं, मी त्यांना दोष देत नाही. पण फोन वर झाला की पोरीचा आवाज बदलतो. ती जरा मोठ्यानं गाऊ लागते, हात हलवू लागते, मध्येच पडद्यात स्वतःला बघते. एका क्षणात गाणारी ती दाखवणारी होते. मायक्रोफोननं हलक्या आवाजाला जी जागा दिली होती, ती या छोट्या पडद्यानं पुन्हा काढून घेतली, असं मला वाटतं. शेवटच्या बाकापर्यंत पोचण्याची सक्ती परत आली. फक्त आता ते बाक कुठं संपतं ते दिसत नाही.

मग कोवळा आवाज मुद्रित करूच नये का? तसं म्हणवत नाही. कुणी मुद्रित केलीच नसती तर ‘शीळ’ आपल्यापर्यंत आली नसती. आर्दीचं एकटेपण तिच्या खोलीतच राहिलं असतं. प्रश्न स्टुडिओतल्या काचेच्या अलीकडं कोण बसलंय याचा आहे. गाणाऱ्याकडून काय मिळेल हे पाहणारा, की गाणाऱ्यात काय आहे हे ऐकणारा.

जी. एन. जोशींची पुढची कथा म्हणूनच मला फार आवडते. त्यांनी वकिली सोडली आणि ज्या कंपनीनं त्यांचं तरुणपणीचं गाणं मुद्रित केलं होतं, तिथंच नोकरी धरली. ते काचेच्या अलीकडं येऊन बसले. पुढची कित्येक वर्षं त्यांनी दुसऱ्यांची गाणी मुद्रित केली. नावाजलेले बुजुर्ग गवई, भिडस्त नवखे, सगळे त्यांच्यापुढं येऊन गायले. मायक्रोफोनपुढं उभं राहिलं की घसा कसा कोरडा पडतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवानं माहीत होतं. असा माणूस तिकडं असला की गाणाऱ्याचा श्वास मोकळा होतो.

1967 मध्ये त्यांनी तीन तरुण वादकांना एकत्र आणून एक तबकडी काढली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा. तिघेही तिशीच्या आसपासचे. संतूर तोवर शास्त्रीय संगीतात परकं मानलं जाई, त्यावर राग नीट वाजेल की नाही याचीच लोकांना शंका होती. गिटार तर परदेशीच. बुजुर्गांची नावं हाताशी असताना जोशींनी हे तिघे निवडले. तबकडीचं नाव ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यांनी रागांतून मांडला. पहाटेला अहिरभैरव, मग दिवस चढत जातो आणि रात्री पहाडी. शब्द एकही नाही. भारतीय संगीत जगभर नेणाऱ्या तबकड्यांमध्ये तिचं नाव आजही अग्रभागी घेतात.

विशीत रानातल्या शिळेचं गाणं गाणाऱ्या माणसानं साठीकडं झुकताना दरीतल्या मेंढपाळाची बासरी मुद्रित करून ठेवली. मधल्या पस्तीस वर्षांत जग किती बदललं होतं. लाखेच्या तबकडीच्या जागी लांब वाजणारी नवी तबकडी आली होती, तीन मिनिटांची वीस झाली होती. त्यांचा कान मात्र तिथंच होता, रानात लांबून येणाऱ्या एका हलक्या आवाजाकडं लागलेला. त्यांनी तो आवाज आधी स्वतः दिला, आणि नंतर तो देणाऱ्या तरुणांसाठी जागा करून दिली. यातलं दुसरं काम मला जास्त मोठं वाटतं.

‘शीळ’ आज मोबाइलवर सहज मिळते. जुन्या तबकडीची खरखर त्यात आहे, तिचा त्रास करून घेऊ नका. तीन-साडेतीन मिनिटांचंच काम आहे. घरात कुणी तरुण मुलगा-मुलगी असेल तर त्यांनाही शेजारी बसवा, आणि गायक तेव्हा किती वर्षांचा होता, ते गाणं संपल्यावर सांगा.